सोने, गहू आणि अपराधी मन

२८ नोव्हेंबर १९६२ रोजी पहाटे झुरिचहून मनिलाकडे निघालेले एक स्विस विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरले. त्यातील एका जर्मन प्रवाशाच्या जाकिटात एकेक किलोच्या ३४ सोन्याच्या लगडी होत्या. त्याला मुंबईत उतरावयाचे नव्हते. तो विमानातच बसून होता. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी आत जाऊन झडती घेतली आणि सोने सापडले. परदेशी जाणारे सोने केवळ वाटेत भारतात टेकत असेल, तर पूर्वी त्यास सवलत असे. रिझर्व्ह बँकेच्या नव्या अधिसूचनेने अशा सोन्याची नोंद विमानाच्या मालपत्रकात असणे आवश्यक ठरविले होते. ही अधिसूचना दिल्लीच्या राजपत्रात २४ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाली आणि प्रवासी झुरिचहून निघाला २७ नोव्हेंबरला. मधल्या तीन दिवसांत भारताचे राजपत्र स्वित्झर्लंडमध्ये चाळीत बसणारा प्रवासी विरळाच म्हणावयाचा!

‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मायर हान्स जॉर्ज’ या नावाने हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. मॅजिस्ट्रेटने एक वर्षाची शिक्षा ठोठावली, मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीस सोडले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने त्यास पुन्हा दोषी ठरविले. वाद होता तो एका लॅटिन वचनाविषयी. ‘अ‍ॅक्टस नॉन फॅसिट रेअम निसी मेन्स सिट रेआ’, म्हणजे मन अपराधी नसेल तर केवळ कृतीने मनुष्य अपराधी होत नाही. इंग्लंडच्या न्यायपरंपरेत मुरलेल्या या वचनातील ‘मेन्स रेआ’ ही दोन अक्षरे आपल्या वकिलांच्या तोंडी इतकी रुळली आहेत की, १८६० च्या दंडसंहितेत ती कोठेच नव्हती, याचे अनेकांना नवल वाटेल. संहितेने लॅटिन टाळून प्रत्येक गुन्ह्याच्या व्याख्येतच ‘लबाडीने’, ‘कपटाने’, ‘जाणूनबुजून’ असे साधे शब्द घातले. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तीच पद्धत ठेवली आहे.

मराठीत मात्र येथे एक घोटाळा संभवतो. आपण हेतू आणि उद्देश हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायद्याला त्यांत भेद करावा लागतो. भुकेल्या मुलासाठी दुकानातून पाव उचलणाऱ्याचा हेतू करुण असेल, पण दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून नेण्याचा उद्देश त्याच्या मनात होताच. हेतूची दखल शिक्षेचे माप ठरविताना घेतली जाते. अपराध ठरतो तो उद्देशावरून आणि जाणिवेवरून.

खून, चोरी, फसवणूक यांच्या बाबतीत या तत्त्वाविषयी फारसा मतभेद नाही. अडचण येते ती परवाने, साठे, परकीय चलन यांच्या कायद्यांत. येथे कृती स्वतः पापरूप नसते. गहू साठविणे हे काही पाप नव्हे. परवान्यावाचून साठविणे हा राज्याने ठरविलेला गुन्हा. जॉर्ज खटल्यात बहुमताने असे मानले की, देशाच्या परकीय चलनाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यात मनाचा शोध घेत बसले तर कायद्याचा उद्देशच विफल होईल. न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, मध्य प्रदेशातील धार येथील एका धान्यव्यापाऱ्याचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, शुल्क भरले होते, साठ्याची विवरणपत्रेही तो नियमाने पाठवीत होता. अर्ज नामंजूर झाल्याचे त्यास कोणी कळविले नव्हते. परवाना मिळेलच या समजुतीने त्याने सुमारे ८८५ मण गहू साठविला आणि तो आरोपी झाला. न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले, आणि हे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पुन्हा सुब्बा रावच होते.

संसदेस हे रुचले नाही. देशात दुष्काळाची दोन वर्षे उलटली होती, धान्याचे भाव भडकले होते. १९६७ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती होऊन उल्लंघन ‘जाणूनबुजून, हेतुपुरस्सर किंवा अन्यथा’ झाले तरी शिक्षापात्र ठरले. ‘अन्यथा’ या एका शब्दात सारे लॅटिन बुडाले! १९७४ मध्ये तो शब्द गेला आणि कलम १०-क आले. त्यानुसार आरोपीचे मन अपराधी होते असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे, आणि तेही केवळ संभाव्यतेच्या पातळीवर नव्हे, तर वाजवी शंकेपलीकडे. म्हणजे एरवी सरकारपक्षावर असणारा सर्वांत जड बोजा गुमास्त्याच्या किंवा किरकोळ दुकानदाराच्या डोक्यावर आला. १९७३ च्या परकीय चलन कायद्यातही अशीच तरतूद होती.

या कठोरपणाचे समर्थन नाही असे नव्हे. बडा साठेबाज आपले मन कागदावर उतरवीत नाही. तो नोकराच्या नावाआड उभा राहतो. त्याच्या मनाचा पुरावा सरकारने कोठून आणावा? पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने या कलमाची किंमत कोण मोजतो तेही पाहिले पाहिजे. बडा व्यापारी वकील ठेवतो, राजपत्र वाचवून घेतो, प्रत्येक परवानगीची नक्कल जपून ठेवतो. आपले मन निर्दोष असल्याचा पुरावा तो विकत घेऊ शकतो. तालुक्याच्या गावचा दुकानदार तोंडी आश्वासनावर विसंबतो आणि नेमका तोच अडकतो.

या बाबतीत काही पावले पडली आहेत. २००० सालापासून परकीय चलनाचा भंग हा मुख्यत्वे दिवाणी दंडाचा विषय झाला. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी सौम्य केल्या. २००६ मध्ये ‘सेबी’च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियमभंगाबद्दलच्या आर्थिक दंडासाठी अपराधी मनाची आवश्यकता नाही असे सांगितले, ते रास्तच आहे. हिशेबातली चूक ही चूकच, तिचा भुर्दंड द्यावा. परंतु तुरुंगाची गोष्ट निराळी. कलम १०-क अद्याप कायद्यात आहे. ते पूर्णपणे काढून टाकणे आज कोणत्याही सरकारला परवडणार नाही, हे मान्य करू. त्यातील दुसरे उपकलम तरी बदलावे आणि आरोपीने आपली निर्दोषता संभाव्यतेच्या पातळीवर दाखविली तर ती पुरेशी मानावी. धारच्या व्यापाऱ्यापाशी शुल्क भरल्याची नोंद होती आणि विवरणपत्रे होती. आजच्या कलमाखाली तेवढ्यावर तो सुटला असता काय, हे छातीठोकपणे सांगणे कठीण आहे. जॉर्जला तर सर्वोच्च न्यायालयानेही दोषी ठरवून शिक्षा मात्र तोवर भोगलेल्या कैदेपुरतीच ठेवली होती.