‘पोर्तुगीज बंगला’ नेमका कोणाचा?

वांद्र्याच्या एखाद्या गल्लीत कौलारू छपराचे, लाकडी कठड्याचे दुमजली घर दिसले, की पाहणारा बेधडक म्हणतो, ‘पोर्तुगीज बंगला!’ वृत्तपत्रे तेच छापतात, दलाल तेच सांगतात, आणि खेदाची गोष्ट अशी की घराचे धनीही पाहुण्यांसमोर तेच मिरवतात. या शब्दाला आमची हरकत आहे, आणि ती केवळ इतिहासाच्या काटेकोरपणापोटी नाही.

१७३९ साली वसई पडली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. ज्या घरांविषयी हे बोलणे चालते, ती बहुतांशी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतली. मधली पावणेदोनशे वर्षे मग गेली कुठे?

घरालाच विचारावे. वर मंगळुरी कौले आहेत. ती १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यानंतरची. तुळया बहुधा ब्रह्मदेशच्या सागवानाच्या. कुठे सिमेंट वापरले असेल, तर आपल्या देशात त्याचे मोठे उत्पादन पोरबंदरला सुरू झाले तेच मुळी १९१४ साली. आता कोणी म्हणेल, व्हरांडा हा शब्द तरी पोर्तुगीजांचा ना? असेलही. चावी हा शब्दही त्यांचाच; म्हणून सदाशिव पेठेतल्या कुलपाला कोणी पोर्तुगीज कुलूप म्हणत नाही.

खरे उत्तर बाहेरच्या जिन्यात आहे. या घरांत पुष्कळदा वरच्या मजल्याचा जिना बाहेरून चढतो. छायाचित्रकारांना तो फार आवडतो. आम्हाला त्यात संसाराचा हिशेब दिसतो. खाली आपण राहावे, वरचा मजला भाड्याने द्यावा, पुढे धाकट्या मुलाचे लग्न झाले की तो त्याला मोकळा करून द्यावा. एका उंबरठ्याची दुसऱ्याला अडचण नको. ही सरदाराची हवेली नव्हे, पगारदाराची बचत आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाट वस्ती हादरली, आगगाडी होतीच, आणि कचेरीत कारकुनी करणारा किंवा शाळेत शिकवणारा माणूस उपनगरात जागा शोधू लागला. १९१२ च्या सहकारी कायद्याने त्याला बळ दिले. गावदेवीत सारस्वतांनी १९१५ साली सहकारी गृहसंस्था उभी केली. तीनच वर्षांनी, १९१८ साली, वांद्र्यात साष्टी कॅथोलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आपल्या माणसांनी एकत्र येऊन, भाग घेऊन, नियम लिहून वसाहत वसवली! या पराक्रमाचे श्रेय लिस्बनच्या पदरात का टाकायचे?

शब्द चुकला की मालकीही धूसर होते, आणि आमची खरी तक्रार हीच आहे. घर ‘पोर्तुगीजांचे’ म्हटले, की ते वारसांना आयते मिळालेले घबाड वाटू लागते आणि परक्यांना एका संपलेल्या राज्याचा उरलेला तुकडा. ते कोणी घेतले, भाडेकरू कधी आला, हे विचारावेसेच कोणाला वाटत नाही. वास्तविक घराची पडझडही कागदांतच वाचता येते. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात येऊन वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळेपर्यंत कौले शाकारायचा खर्चही त्या भाड्यातून निघणे कठीण होते. त्या वरच्या मजल्यानेच, ज्याच्या आधारावर घर उभे राहिले, घराला खाली ओढले. बिल्डरला शिव्या देणे सोपे असते. तो आला तेव्हा घर आधीच थकलेले होते.

उरलेले काम आम्ही वारसांनी केले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना समसमान. कायदा न्यायाचा आहे, मुलींना वगळत नाही, याचा आम्हाला अभिमान वाटतो. परंतु तीन पिढ्या फेरफार न करता गेल्या की एका दुमजली घराला वीस-पंचवीस धनी होतात, कोणी कॅनडात, कोणी आखातात, आणि मिळकत पत्रिकेवर मात्र आजोबांचे नाव तसेच असते. मग घराची भाषा जाणणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरणारा दलाल.

सुज्ञ वाचकांनी घराची छायाचित्रे जरूर काढावीत. पण त्याआधी कपाटातली पेटी उघडून खरेदीखत, संस्थेचा भागदाखला, भाडेपावत्यांची पुस्तके बाहेर काढावीत. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा घ्यावा आणि त्यावरची नावे घरातल्या वडीलधाऱ्या आत्याला वाचून दाखवावीत. कोणते नाव कोणाचे, हे सांगणारी अनेक घरांत आज ती एकटीच आहे.