एक रुपयात एक किलोमीटर? आधी लाईटबिल आणा



गेला महिनाभर आमच्या घरात विजेच्या गाडीवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी लेकीचं लग्न ठरवतानाही झाली नव्हती. आमची पेट्रोलची गाडी दहा वर्षांची झाली. चालते छान, पण शेजारी हिरव्या पाटीची गाडी आल्यापासून आमच्या ह्यांच्या मनात किडा वळवळायला लागला. एका शनिवारी शोरूममध्ये जाऊन आले आणि कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बघ, किलोमीटरला एक रुपया. पेट्रोलला सात पडतात. आता काय विचार करायचा?"

मी कपाटातून लाईटबिलांची फाईल काढली.

या घरात गाडी कुठली घ्यायची ते पुरुष ठरवतात, पण लाईटबिल कुणाच्या डोक्यात असतं? उन्हाळ्यात कूलर किती वेळ लावायचा, गीझर कधी बंद करायचा, हे कोण बघतं? मग ज्या गाडीचं इंधन लाईटबिलातून येणार, तिचा हिशोब शोरूमच्या टेबलावर का? तो स्वयंपाकघरात व्हायला हवा. माझं भांडण गाडीशी नाही. कुणाचं मीटर, कुणाचं पार्किंग, कुणाचे किती किलोमीटर, हे काहीही न विचारता "घ्याच" म्हणणाऱ्यांशी आहे. आणि तेवढंच "घेऊच नका, फॅड आहे" म्हणणाऱ्यांशीही आहे.

आता तो एक रुपया बघू. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिली १०० युनिटं स्वस्त, सगळं धरून साधारण सहा रुपये. १०१ ते ३०० मध्ये तेच युनिट अकरा-साडेअकरा रुपयांना. ३०० च्या पुढे चौदा-पंधरा, ५०० च्या पुढे आणखी वर. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. ते धरलं की पहिल्या टप्प्यात युनिट सातला पडतं, दुसऱ्यात तेराला, तिसऱ्यात सतराच्या आसपास.

बॅटरीची ताकद किलोवॅट-अवरमध्ये सांगतात. घाबरू नका, ते आपल्या बिलातलं युनिटच आहे. माझ्या कोल्हापूरच्या नणंदेकडे २४ युनिटांची बॅटरी असलेली छोटी गाडी दोन वर्षं आहे, आणि वन्सं माझ्यासारख्याच वहीवाल्या. रिकामी बॅटरी भरायला भिंतीतून २७ युनिटं जातात, कारण थोडी वाटेत मुरतात. त्यावर त्यांची गाडी १९० किलोमीटर जाते. कागदावर तीनशेच्या आसपास लिहिलेलं असतं, ते चाचणीतलं. म्हणजे एका युनिटला सात किलोमीटर.

सात रुपयांचं युनिट, सात किलोमीटर. बरोबर एक रुपया! शोरूममधला मुलगा खोटं बोलला नव्हता. पण ती पहिली १०० युनिटं आमचा फ्रीज, पंखे आणि मिक्सर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत खाऊन मोकळे होतात. गाडीच्या ताटात पडणार ती वरच्या टप्प्यातली वीज. किलोमीटरला पावणेदोन ते अडीच रुपये धरा. पेट्रोलच्या सातापुढे हेही कमीच आहे, मी नाकारत नाही. पण एकाचे दोन झाले की पुढचा सगळा हिशोब बदलतो.

आमचाच घ्या. महिन्याला आम्ही ४५० किलोमीटर फिरतो. मंदिर, बाजार, मिरजेला माहेरी, कधीतरी बाहुबलीला दर्शनाला. पेट्रोल ३० लिटर, १०४ रुपयांनी ३,१२० रुपये. विजेवर ६४ युनिटं, साडेआठशेच्या आत. महिन्याला २,३०० वाचले, सर्व्हिसिंगचे पाचेक हजार धरून वर्षाला साडेबत्तीस हजार. ऐकायला बरं वाटतं. पण एकाच गाडीच्या पेट्रोलच्या आणि विजेच्या मॉडेलच्या ज्या दोन किमती आम्हाला लिहून मिळाल्या, त्यांत फरक साडेतीन लाखांचा. तो भरून निघायला पावणेअकरा वर्षं. कर्ज काढलं तर व्याज वेगळं. बॅटरीची वॉरंटी सहसा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. आठ वर्षांत आम्ही फिरणार ४३ हजार! जे वापरणारच नाही त्याचे पैसे मोजून ते दारात उभं करायचं, याला आपल्याकडे परिग्रह म्हणतात. त्याला बचत म्हणू नये.

"पण सरकार सवलत देतं ना?" देतं. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि आपल्या राज्यात मोटार वाहन कर माफ आहे. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकरात वजावट मिळायची, ती मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. अजूनही काही जण ती गाजर म्हणून दाखवतात, सांभाळा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. म्हणजे पेट्रोलची गाडी स्वस्त झाली आणि दोन्हींतलं अंतर वाढलं. टोलमाफीचंही तसंच. राज्याच्या २०२५ च्या धोरणात ती आहे, पण अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी. आम्हा सांगलीकरांच्या पुण्याच्या वाटेवर तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर. तिथे हिरव्या पाटीकडे बघून कुणी हात जोडत नाही.

बॅटरी भाड्याने देण्याचीही युक्ती निघाली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर अशीच आली, गाडीची किंमत कमी आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. त्यात विजेचे दोन मिळवा, साडेपाच झाले. हायवेवर अठराचं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला पावणेसहा पडतात. मग एवढी उठाठेव कशासाठी?

इथपर्यंत वाचून आमचे हे म्हणाले, "तू विजेच्या गाडीच्या विरोधातच आहेस." मुळीच नाही. आता माझ्या दिरांचं ऐका.

भाऊजी सांगलीहून रोज कोल्हापूरला कामाला जातात. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे अडीच हजार किलोमीटर. पेट्रोल साडेचौदा हजारांचं. विजेवर ३५७ युनिटं लागतील. त्यांच्या घरचा वापर २०० युनिटं, तेव्हा गाडीची वीज दुसऱ्या, तिसऱ्या आणि थोडी चौथ्या टप्प्यातही जाईल. मी सगळ्यात महागडा हिशोब धरला तरी ५,८०० रुपये. महिन्याला साडेआठ हजारांच्या वर वाचतात, वर्षाला लाखभर. साडेतीन लाखांचा फरक साडेतीन वर्षांच्या आत वसूल. (त्यांचे किलोमीटर जास्त, म्हणून वॉरंटी आठ वर्षं पुरणार नाही, सव्वापाच वर्षांतच १ लाख ६० हजार पूर्ण होतील. पण तोवर पैसे फिटलेले असतील.) सीएनजी हा खरा प्रतिस्पर्धी आहे, पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश खर्चात होतं. पण पंपावरच्या रांगेत भाऊजींच्या किती सकाळी गेल्यात ते जाऊबाईंना विचारा.

रोजचे शंभर आणि बॅटरी एकशेनव्वदची, म्हणजे वाटेत अडकायची भीती नाही. रात्री घरी आल्यावर प्लग लावला की झालं. शंभर किलोमीटरची वीज साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर साडेचार तासांत भरते. सासऱ्यांना मीच समजावलं. ते "बॅटरी गेली की गाडी भंगार" म्हणत होते, वही दाखवल्यावर गप्प झाले.

आणि तरीही गाडी आलेली नाही. कारण आमच्याकडे स्वतःचा पोर्च आणि स्वतःचं मीटर आहे, पण गाडीची गरज नाही. ज्यांना गरज आहे ते भाऊजी फ्लॅटमध्ये राहतात, आणि त्यांच्या सोसायटीच्या कमिटीने सॉकेट बसवायला नकार दिला आहे.

माझा खरा राग इथे आहे. कारणं काय दिली? तर आग लागेल. अहो, त्याच पार्किंगमध्ये पस्तीस-पस्तीस लिटर पेट्रोलच्या टाक्या रात्रभर ओळीने उभ्या असतात आणि वर प्रत्येक स्वयंपाकघरात गॅसचं सिलिंडर आहे. तिथे सभा बोलावत नाही कुणी. आगीची काळजी खरी असेल तर सांगा ना, की जाड वायर टाका, वेगळा एमसीबी बसवा, अर्थिंग तपासून घ्या, वायरमनकडून लिहून आणा, एक्स्टेंशन बोर्डावर चालणार नाही. भाऊजी हे सगळं स्वखर्चाने करायला तयार आहेत. दुसरं कारण, सोसायटीची वीज वापरली जाईल. कशी? ते त्यांच्याच मीटरवरून वायर मागताहेत. लोड म्हणाल तर तीन-सव्वातीन किलोवॅट, म्हणजे मोठ्या गीझरएवढा. घरोघरी सकाळी सहाला चालतातच की. आणि तिसरं, जे हळू आवाजात सांगितलं ते, "तुम्हाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल." मग द्या!

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली आहे. गाडी चार्ज करायला वेगळी जोडणी मागता येते. गाडी चार्जिंगचा दरही वेगळा आहे. तिथे घरगुती टप्प्यांची चढण नाही, स्थिर आकार मात्र वेगळा भरावा लागतो. कमिटीतल्या कुणीही हा नियम वाचलेला नव्हता. वाचायची तयारीही दिसली नाही. चौदा घरांच्या इमारतीत पाच माणसांना वाटलं म्हणून एका घराचे वर्षाला लाख रुपये जाळायचे, याला काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, बाहेर चार्ज करा. बाहेरच्या मशीनवर युनिटला वीस-पंचवीस रुपये. ते एक वेळ परवडेल, पण छोट्या गाडीला तासभर लागतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रोज तासभर पंपावर बसायचं? आमच्या पोर्चमध्ये लावा असंही आम्ही म्हटलं. मग रात्री गाडी आमच्याकडे, माणूस दोन किलोमीटर चालत घरी. एका सॉकेटपायी!

प्रवासाबद्दल मात्र जेवढी भीती घालतात तेवढं नाही. दिवाळीनंतर आम्ही वन्संच्या गाडीतून पुण्याला गेलो होतो. साताऱ्याजवळ थांबलो, पुढे एक गाडी लागलेली होती, म्हणून तासाचा दीड तास झाला. सासूबाईंचं रात्रीभोजन बंद, त्यामुळे आम्ही नाहीतरी दिवेलागणीच्या आधी डबा उघडायला थांबतोच. दशम्या, चटणी, दही, आणि गाडीही जेवतेय. ज्यांना रोज लांब जायचं आहे, घाई आहे, त्यांनी हा दीड तास हिशोबात धरावा. सासूबाईंनी वीस वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतलंय, ठराविक मर्यादेपलीकडे त्या जातच नाहीत. रेंजची चर्चा ऐकून म्हणाल्या, "एवढं काय घाबरताय? मर्यादेत राहायची सवय नाही तुम्हाला."

त्यांचंच आणखी एक. आपल्या ग्रुपवर "अहिंसक गाडी" म्हणून जे संदेश फिरतात, ते मी त्यांना वाचून दाखवले. म्हणाल्या, "वीज कुठनं येते?" कोयनेचं पाणी आहे, पण राज्याची बरीचशी वीज कोळशाची. चंद्रपूरचं एकच केंद्र २,९२० मेगावॅटचं. तिथल्या लेकरांनी धूर गिळायचा आणि आपण इथे पुण्य मिळवलं म्हणायचं, हे मला पटत नाही. आपल्या गल्लीतला धूर आणि आवाज कमी होतो, हा खरा फायदा आहे आणि तो पुरेसा आहे. त्याला धर्माचं लेबल लावून चालती गाडी मोडीत काढू नका. आमची दहा वर्षांची गाडी आणखी चार वर्षं चालेल. आमचे हे अजून थोडे रुसलेले आहेत.

भाऊजींच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. सभासदत्व जाऊबाईंच्या नावावर आहे, त्यामुळे बोलणार त्या. लाईटबिलांची फाईल, माझी वही आणि नियमाची छापील प्रत काल त्यांच्याकडे देऊन आले. तुमच्या सोसायटीत कुणी असं सॉकेट बसवून घेतलं असेल, तर ठराव कसा लिहिला होता ते शनिवारपर्यंत मला कळवा.