श्वानदंश आणि उसनें बळ

कोविडच्या साथीपासून, म्हणजे २०२० सालापासून, ‘प्रतिपिंडें’ हा शब्द आपल्या घरांच्या ओटीपर्यंत येऊन पोंचला. पण शब्द आला तितक्या त्वरेनें त्याचा अर्थ आला नाहीं. तो अर्थ उमगावा यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढ्यापासून सेनगांवापर्यंत कोणत्याही गांवाच्या वेशीवर त्याचें उदाहरण शेपूट हलवीत उभें असतें. कुत्र्याचा चावा हाच तो विषय होय, आणि तो नुसता ज्ञानाचा नसून प्राणाचा आहे.

पिसाळलेल्या कुत्र्यास संस्कृतांत ‘अलर्क’ म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत अलर्कविषाचें वर्णन आहे. दंश झालेला मनुष्य पाण्यास भिऊं लागला म्हणजे तो ‘जलत्रास’ होय व तें मरणाचें चिन्ह समजावें, असा त्यांतील निर्णय आहे. इतक्या शतकांनंतरही त्यांत फारसा फरक पडलेला नाहीं. लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी वांचल्याचीं उदाहरणें साऱ्या जगांत अगदीं विरळा. म्हणून जें करावयाचें तें लक्षणांपूर्वींच केलें पाहिजे.

या रोगाचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. त्याच्यावर स्निग्ध द्रव्याचें वेष्टन व त्या वेष्टनावर प्रथिनांचे सूक्ष्म कांटे असतात. विषाणूस स्वतंत्र प्रपंच नाहीं. दुसऱ्याच्या पेशींत शिरल्यावांचून त्याची वाढ होत नाहीं, आणि पेशीस चिकटण्याचें व आंत शिरण्याचें काम हे कांटेच करितात. रानांतून चालतांना धोतरास कुसळें लागतात. पण त्यांच्या टोकांस मेण लाविलें तर तीं वस्त्र धरूं शकणार नाहींत. प्रतिपिंडें नेमकें हेंच करितात. त्यांचा आकार बेचकीसारखा असतो. बेचकीचीं दोन टोकें विषाणूच्या कांट्यांस घट्ट धरितात. कांटा झांकला कीं विषाणू धडधाकट असूनही निरुपद्रवी होतो. खालचा दांडा मोकळा राहतो. त्या खुणेवरून भक्षक पेशी येतात व त्या गठ्ठ्याची विल्हेवाट लावितात.

मात्र प्रत्येक प्रतिपिंड हें काम करीत नाहीं. कांहीं विषाणूच्या आंतील प्रथिनांस चिकटतात. त्यांनीं त्याचा पेशींतील प्रवेश थांबत नाहीं. जीं प्रवेशच रोखितात, त्यांस निष्प्रभकारी प्रतिपिंडें म्हणावें. लस घेतलेल्याच्या रक्तद्रवांत त्यांचें प्रमाण दर मिलिलिटरमागें ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलें म्हणजे लस लागू पडली, असें जागतिक आरोग्य संघटना मानते. कोविडचा विषाणू आपले कांटे वारंवार बदलीत गेला, म्हणून जुनीं प्रतिपिंडें अपुरीं पडलीं. रेबीजचा कांटा त्या मानानें स्थिर आहे, हें आपलें भाग्यच.

आतां वेळेचा हिशोब पाहूं. लस म्हणजे शरीरास शिकविलेला धडा. पहिल्या मात्रेपासून पुरेशीं प्रतिपिंडें तयार होण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यांत विषाणू जखमेंतून मज्जातंतूंत शिरला कीं त्याचा मेंदूकडे प्रवास सुरू होतो, आणि तेथें रक्तांतील प्रतिपिंडांचा हात पोंचत नाहीं. चेहरा व मान येथील चाव्यांत तर ही वाट फारच आंखूड. धडा पाठ होण्यापूर्वींच परीक्षा येऊन ठेपावी, तसा हा प्रकार! अशा वेळीं दुसऱ्याच्या शरीरांत तयार झालेलीं प्रतिपिंडें उसनीं आणून जखमेंत व जखमेभोंवतीं टोंचावीं लागतात. यालाच सीरम म्हणतात. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागें मानवी रक्ताचें सीरम २० एकक व घोड्याच्या रक्ताचें ४० एकक देतात. तें लसीच्या पहिल्या मात्रेबरोबर, फार तर तिच्यापासून सातव्या दिवसापर्यंत, द्यावयाचें असतें. पुढें शरीर स्वतःचें बळ कमावूं लागतें. उसनें बळ मात्र कांहीं आठवड्यांत ओसरतें, म्हणून सीरम मिळालें तरी लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या केल्याच पाहिजेत.

ही उसनवारी १८९० सालीं बेरिंग व कितासातो यांनीं धनुर्वात व घटसर्प यांच्या विषांवर प्रथम सिद्ध केली. आपल्याकडे कसौलीस डेव्हिड सेंपल यानें १९११ सालीं मेंढीच्या मेंदूपासून लस काढिली; पोटांत घ्यावयाचीं तीं चौदा इंजेक्शनें वडील मंडळींस अजून आठवतात. ती लस आतां बंद झाली आहे. नवी लस दंडांत घेतात, व तिच्या मात्रा चार-पांचच असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या साहाय्यानें ‘रॅबिशील्ड’ नांवाचें एकाच जातीचें शुद्ध प्रतिपिंड तयार केलें असून त्यास न घोडा लागतो, न मनुष्याचें रक्त.

इतकी सोय असतांही माणसें दगावतात, तीं बहुधा विलंबानें व अर्धवट उपचारानें. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतची हळद स्वयंपाकांत व मंगलकार्यांत शोभते, चाव्याच्या जखमेंत नव्हे; तिखट व चुना यांचीही तीच गोष्ट. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. साबणानें विषाणूचें तें स्निग्ध वेष्टनच विरघळतें. इतकें स्वस्त औषध दुसरें नाहीं. मग त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. रक्त आलें असेल, तर नुसत्या लसीवर समाधान न मानितां ‘सीरम द्यावयाचें काय?’ असें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें, आणि तेथें नसल्यास मोठ्या रुग्णालयांत जाण्यास आळस करूं नये.

एक गोष्ट माताभगिनींस विशेषेंकरून सांगावयाची. शाळेंत आयुष्य काढिल्यावर आम्हांस इतकें ठाऊक आहे कीं, मूल मारापेक्षां बोलण्यालाच अधिक भितें. कुत्र्याची खोडी काढली म्हणून रागें भरतील, या भयानें तें ओरखडा लपवितें, आणि लपविलेल्या ओरखड्यावर कोणतेंच प्रतिपिंड चालत नाहीं. तेव्हां मुलानें येऊन सांगितलें तर आधीं साबण, मग दवाखाना. रागवावयाचें राहूनच गेलें, तर फारच उत्तम.