‘चिकटवा’ नव्हे, ‘शिकवा’ म्हणा



दहावी-बारावीचे निकाल लागले की कारखान्याच्या ऑफिसात आणि संचालकांच्या दारात एकच वाक्य ऐकू येते : “साहेब, पोराला कुठंतरी चिकटवा.” शिक्षण काय झालंय, विचारले तर उत्तर येते, “बारावी झालंय. बी. ए. ला नाव घातलंय. सध्या घरीच असतंय.” त्याला काम काय येतं, असे विचारले की मात्र बाप गप्प होतो. बारा-पंधरा वर्षे पोरगं शाळा-कॉलेजात गेलं, उसाच्या बिलातून फी भरली, सोसायटीचं कर्ज फिरवलं, आणि त्याच्या हाताला काय येतं हे घरात कुणाला सांगता येत नाही. या गप्प होण्याविषयीच आम्हांस चार शब्द लिहायचे आहेत.

आधी हिशेब पाहू. पंधरा-वीस हजार सभासदांच्या कारखान्यात कायम आणि हंगामी मिळून जागा असतात हजाराच्या आतबाहेर. त्यांतल्या दरसाल रिकाम्या होतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या. पूर्वी गव्हाणीवर माणसांची रांग लागायची. आता मोळ्या क्रेनने उचलल्या जातात आणि मिलचा वेग कंट्रोल रूममधल्या पडद्यावरून कमी-जास्त होतो. माणसं वाढणार नाहीत, कमीच होतील. शेअर घेतला म्हणजे उसाची नोंद आणि सभेत एक मत मिळतं. पोराच्या नोकरीचं वचन शेअर सर्टिफिकेटवर कुठंही छापलेलं नाही. शिवाय कारखान्याची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी हा समजही आता सोडला पाहिजे. राज्यातले किती सहकारी कारखाने विकले गेले, किती भाड्याने गेले आणि तिथल्या कामगारांचे पगार किती महिने तटले, हे सभासदांना आम्ही सांगायला नको.

मग कारखान्याने पोरांसाठी काही करू नये काय? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. कारखान्यापाशी नोकऱ्या थोड्या आहेत, पण शिकवण्यासारखं जेवढं आहे तेवढं तालुक्यातल्या कुठल्याही कॉलेजात नाही. वर्कशॉपमध्ये लेथ आहे, वेल्डिंग आहे. बॉयलर आहे, टर्बाइन आहे, लॅबोरेटरी आहे. सहवीजनिर्मिती किंवा डिस्टिलरी असेल तर वीज आणि रसायनाची सगळी विद्या एका आवारात आहे. आणि शिकण्याचा खरा मोसम हंगाम बंद झाल्यावर सुरू होतो. एप्रिल-मेपासून मिल उघडली जाते, रोलर बाहेर निघतात, पंप खोलले जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, कॅरिअरच्या साखळ्या उतरतात. चालू यंत्र नुसतं बघायला मिळतं, खोललेलं यंत्र हातात घेता येतं. नेमकी हीच वेळ शाळा-कॉलेजच्या सुट्टीची असते आणि पोरं पारावर मोबाईल घेऊन बसलेली असतात.

पॅनमनचंच उदाहरण घ्या. पॅनमधून नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरायचा, उजेडाकडे धरून दाण्याचा आकार बघायचा आणि पाणी द्यायचं की रस ओढायचा हे ठरवायचं. हे पुस्तकात चार ओळींत आहे, पण डोळा तयार व्हायला हंगामामागून हंगाम जातात. मिल चालू असताना रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे ठिपके देणारा वेल्डर तसाच. हात चुकला तर दात गुळगुळीत राहतो, मिल ऊस नीट ओढत नाही आणि साखर बगॅसमधून निघून जाते. असे जुने कारागीर एकेक करून रिटायर होताहेत. सत्काराला शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेटाबाहेर जाते. त्यांच्या शेजारी दोन वर्षं एखादं पोरगं उभं केलं असतं तर? कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये या धंद्याचे रीतसर अभ्यासक्रम आहेत. मांजरीची संस्था तर १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने उभी राहिली ती आपल्याच सहकारी कारखानदारीसाठी. तिथं जाणारं पोरगं आधी वर्षभर कारखान्यात तेलकट झालेलं असेल तर त्याला तिथलं शिक्षण दुप्पट उमगेल.

यासाठी नवा कायदाही नको. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा आहे. त्याखालच्या २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन घातलं, आणि प्रमाण ठरवलं एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे सहाशे माणसांच्या कारखान्याने किमान पंधरा घ्यायचे, आणि मनात आणलं तर नव्वद घेता येतात. त्याच नियमांत शिक्षणाप्रमाणे महिना किमान पाच ते नऊ हजार रुपये विद्यावेतन ठरलं. २०१६ पासूनच्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा दीड हजारापर्यंत, सरकारने उचलायचं ठरलं. नव्वद सोडा, पण कायद्यापुरते पंधरा घेऊन रजिस्टर मिटवायचं, यात सहकार कुठे आला?

आता अडचणीचं बोलू. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक, त्याला शिकवायचं सोडून झाडलोट, चहा आणणं आणि रजेवरच्या माणसाच्या जागी उभं करणं सुरू होतं. कामगार बांधवांना भीती वाटते ती याचीच, स्वस्तात माणसं आणून आमच्या जागा खाल्ल्या जातील, आणि ती भीती खोटी नाही. दोन, वर्ष संपलं की घरचे म्हणतात, “एवढं राबलं, आता कायम करा.” राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत हेच झालं, मुदत संपत आली तशी कायम करण्याची मागणी उभी राहिली. म्हणून पहिल्या दिवशीच, पोराच्या आईबापासमोर, स्पष्ट सांगितलं पाहिजे की इथं विद्या मिळेल, प्रमाणपत्र मिळेल, नोकरीची हमी मिळणार नाही. मनात एक आणि कागदावर एक, असं चालणार नाही.

आणि ते प्रमाणपत्र कमी किमतीचं नाही. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसायचं तर बॉयलरवर काम केल्याचा दाखला लागतो. तो घरी बसून मिळत नाही. त्या परवान्यावर मुलगा कागद कारखान्यात, दूध संघात, कापड गिरणीत, औषधाच्या कंपनीत कुठंही उभा राहतो. आपल्या शिवारातलंच बघा. २०२३ साली राज्याने तोडणी यंत्राला अनुदान देऊ केलं, यंत्रं येताहेत. पण हायड्रॉलिकचा पाईप फुटला की मेकॅनिक लांबून यायचा आणि तोवर तोडलेला ऊस फडात वाळत पडायचा. वजन कुणाचं घटतं? तालुक्यात असे दहा मेकॅनिक तयार झाले तर दहाही जणांना काम आहे, आणि त्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

शिकता शिकता काम करण्यात कमीपणा आहे, हे खूळ आपल्याकडे कुठून आलं कळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं, तिथली पोरं शेतात राबून, स्वतःचं जेवण स्वतः रांधून शिकली. १९४७ ला निघालेल्या शिवाजी कॉलेजातही ‘कमवा आणि शिका’ हीच रीत होती. त्यांतली कित्येक पोरं पुढे मोठ्या हुद्द्यांवर गेली. त्यांची नावं आपण अभिमानाने घेतो, पण आपलं पोरगं सुट्टीत फिटरच्या हाताखाली गेलं तर पाहुणे काय म्हणतील याची काळजी करतो. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, सहकारी साखर कारखान्यांच्या आसऱ्यानेही कॉलेजं निघाली. तरी मेकॅनिकलची पदवी घेतलेला मुलगा स्पॅनर कुठला लागेल ते हेल्परला विचारतो, असं आमचे वर्कशॉपवाले हसून सांगतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. कॉलेज आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत आहे आणि तिला दार पाडलेलं नाही.

मुलींचं तर नावच कुणी काढत नाही. बी. एस्सी. झालेली सभासदाची मुलगी लॅबोरेटरीत दिवसपाळीला ब्रिक्स आणि पोल काढायला, माती तपासायला, शेतकी खात्यात लागणीच्या नोंदी बघायला का शिकू नये? चिटबॉय या हुद्द्याच्या नावात ‘बॉय’ आहे म्हणून?

वार्षिक सर्वसाधारण सभेत यंदाही पोरांच्या नोकरीवरून आरडाओरडा होईल. त्याऐवजी सभासदांनी एक ठराव मांडावा अशी आमची सूचना आहे. शिकाऊ उमेदवारांच्या जागा दरसाल वाढवाव्यात. निवड गुणांवर व्हावी, यादी बोर्डावर लागावी, चिठ्ठी आणलेल्याचा अर्ज बाद व्हावा, मग चिठ्ठी कुणाचीही असो. प्रत्येक उमेदवाराला एक जुना कारागीर नेमून द्यावा आणि त्या कारागिराला त्याबद्दल काही भत्ता असावा, कारण फुकट शिकवणं फार दिवस टिकत नाही. उमेदवाराने रोजच्या कामाची वही लिहावी आणि ती महिन्याला चीफ इंजिनिअरनी किंवा चीफ केमिस्टनी तपासावी. सहा महिने एकाच पंपाजवळ उभा ठेवलेला पोरगा त्या वहीतून लगेच सापडेल. ऊसतोड मजुरांच्या मुलांनाही यात जागा असावी. आपला ऊस तोडणाऱ्याच्या पोराच्या हाती कोयताच यावा असं काही लिहून ठेवलेलं नाही.

ठराव ऐनवेळी तोंडी मांडला तर अध्यक्ष तो घेतीलच असं नाही. सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी सूचना ऑफिसात पोचवा, तिच्यावर सूचक आणि अनुमोदक दोघांच्याही सह्या आणि सभासद क्रमांक घाला, आणि पोच मागून घ्या.