चहा-बिस्किटांची शांतता समिती



गणपती, ईद, शिवजयंती जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. आमच्या भागातल्या बैठकीला मी गेली सहा वर्षे जातो. पुढच्या रांगेत पक्षांचे पदाधिकारी, मंडळांचे अध्यक्ष आणि हिंदू-मुसलमान अशी दोन्हीकडची वजनदार मंडळी. साहेबांचे भाषण, चहा-बिस्किटे, फोटो. दुसऱ्या दिवशी ‘सण सलोख्याने साजरे करण्याचा निर्धार’ अशी बातमी. त्यानंतर वर्षभर त्या खोलीतल्या माणसांची एकमेकांशी गाठ पडत नाही. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली. कोल्हापुरात! अशा वेळी निर्धार करणारे कुठे असतात?

तरीही मी हताश नाही, कारण याहून वाईट दिवसांत याच राज्यात हे काम नीट झालेले आहे. भिवंडीत मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून दंगल उसळली, 1984 मध्ये पुन्हा. दंगलीचे गाव म्हणूनच तिची ओळख झाली होती. 1988 साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात पुढाऱ्यांना खुर्ची नव्हती. गल्लीतलीच हिंदू आणि मुसलमान माणसे आणि त्या भागाचा साधा पोलीस असे एकत्र बसायचे, तेही सणापुरते नव्हे, नियमित. बोलणे व्हायचे ते रोजच्या कटकटींवर. राष्ट्रीय ऐक्यावर भाषण कोणी करीत नसे. भांडण लहान आणि ताजे असतानाच मिटवायचे, ही त्यातली खरी मेख. शिवाय वर्षानुवर्षे शेजारी बसलेल्या माणसाबद्दल अफवा आली, तर आधी त्यालाच विचारले जाते.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईतल्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, 900 माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. ते प्रत्येक ठाणेदाराच्या टेबलावर असावे. पुढे मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आदींनी पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या सहकार्याने मोहल्ला कमिटीचे काम सुरू केले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन कार्यकर्त्यांनी ते वस्तीतून, खालून वर नेले.

यावर कोणी म्हणेल, त्याच भिवंडीत 2006 मध्ये जमावाने दोन पोलिसांना ठार मारले, त्याचे काय? आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. जी पद्धत एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर चालते, ती त्याच्या बदलीबरोबर सामान बांधते. 2007 मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचे आमच्या गावी हेच झाले: वेशीवर पाटी लागली आणि समिती पाटीपुरती उरली. दुसराही आक्षेप मला मान्य आहे. श्रीकृष्ण आयोगाने ज्यांच्यावर ठपका ठेवला, त्यांतल्या बहुतेकांच्या केसाला धक्का लागला नाही. ज्याचे घर जळाले, त्याला न्यायाऐवजी समितीतली खुर्ची देऊन भागणार नाही. पण न्यायाची वाट पाहताना पुढचे घर जळू नये, एवढे तर आपल्या हातात आहे ना?

म्हणून गृहखात्याकडे माझी मागणी साधी आहे. शांतता समिती बीटनिहाय करा. बैठक महिन्याला घ्या आणि तिचे इतिवृत्त ठेवा. निम्म्या जागा बायकांना द्या. गल्लीत काय शिजते आहे ते त्यांना आधी कळते. पदाधिकाऱ्यांना बाहेर ठेवा. बदली होताना अधिकाऱ्याने मुद्देमालाचा ताबा देतात तसा समितीचाही द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

आमच्या ठाण्यातली पुढची बैठक गणपतीच्या आदल्या आठवड्यात आहे. मी जाणार आहे. या वेळी भाषण सुरू होण्याआधीच मागच्या गल्लीतल्या नळाचा विषय काढणार आहे. दोन घरांत त्यावरून चार महिने बोलणे बंद आहे. एक घर इकडचे, एक तिकडचे.

आपला,
एक वाचक, ठाणे जिल्हा