मानवी हक्कांचे न्यायालय : अरुशाचे आणि नाशिकचे

युरोप खंडासाठी मानवी हक्कांचे न्यायालय 1959 साली स्ट्रासबर्ग येथे स्थापन झाले. अमेरिका खंडाचे 1979 साली कोस्टारिकात आले आणि आफ्रिकेचे न्यायालय आज टांझानियातील अरुशा येथे बसते. जगातील निम्म्याहून अधिक माणसे ज्या आशिया खंडात राहतात, त्या खंडास मात्र असे न्यायालय नाही. 1998 साली दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे नागरी संस्थांनी आशियाई मानवी हक्क सनद जाहीर करून प्रादेशिक कराराची मागणी केली. तिला आशियातील सरकारांनी अद्याप दाद दिलेली नाही.

ही मागणी न्याय्य आहे आणि आपण बौद्धांनी तिला पाठिंबा दिलाच पाहिजे. तथापि आफ्रिकेचा अनुभव डोळ्यांआड करून चालणार नाही. तेथे व्यक्तीस किंवा संस्थेस थेट दाद मागावयाची झाल्यास त्या राष्ट्राने तशी खास संमती द्यावी लागते. न्यायालयाचा यजमान असलेल्या टांझानियानेच 2019 साली आपली संमती मागे घेतली! दार बांधावयाचे आणि किल्ली आरोपीच्या हाती ठेवावयाची, असा हा प्रकार होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्वदेशातील न्यायालयांचे सर्व मार्ग संपल्यावाचून अशा न्यायालयाचे दार सहसा उघडत नाही. म्हणजे तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जी फिर्याद नोंदलीच गेली नाही, ती कोणत्याही खंडपीठापुढे कधीही पोहोचणार नाही.

सबब प्रथम घराकडे पाहू. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 30 अन्वये, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीने, राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यातील सत्र न्यायालय मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमू शकते. कलम 31 मध्ये खास सरकारी वकिलाची तरतूद आहे. परंतु कोणता गुन्हा या न्यायालयाने चालवावयाचा, हे कायद्याने सांगितलेच नाही. अशा न्यायालयाची पाटी लागली, तरी तिच्याखाली काम कोणते चालावयाचे? राज्य आयोग 2001 साली मुंबईत स्थापन झाला खरा; पण तो शिफारस करतो, हुकूमनामा देत नाही, आणि घटनेस एक वर्ष उलटले की तक्रारीची चौकशीही करू शकत नाही.

जिल्ह्याचे न्यायालय खंबीर असेल तर काय होऊ शकते, हे नाशिकने पाहिले आहे. 2013 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे तीन दलित तरुणांची हत्या झाली. तो खटला नाशिकला चालला आणि 2018 साली सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली.

नवदीक्षित कुटुंबांच्या मनात एक भीती घर करून असते : धर्म बौद्ध लिहिला तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण जाईल काय? जाणार नाही. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात 1990 साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा स्पष्ट समावेश झाला. मूळ जात अनुसूचीत असली म्हणजे पुरे. ठाण्यावर कोणी ‘तुम्ही तर आता बौद्ध’ म्हणून परत पाठवू लागला, तर त्याच्यापुढे हा आदेश ठेवावा. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार धाडावी व पोच जपून ठेवावी.

सिन्नरला हे नवे नाही. महार वतनाच्या जमिनींवरील कराविरुद्ध बाबासाहेबांनी 1941 च्या ऑगस्टमध्ये परिषद घेतली ती याच गावी. त्या वेळी सरकार परके होते, आज राज्यघटना आपली आहे. तेव्हा आशियाई न्यायालयाच्या ठरावावर सह्या करणाऱ्या आपल्या विहार समित्यांनी त्याच बैठकीत दुसरा ठरावही मांडावा : कलम 30 खालील गुन्हे कोणते, हे संसदेने कायद्यात लिहावे, आणि नाशिकच्या न्यायालयास स्वतंत्र वकील मिळावा. पहिल्या ठरावाचे उत्तर येण्यास कित्येक वर्षे लागतील. दुसऱ्याचे उत्तर आपल्या आमदार-खासदारांना पुढल्या निवडणुकीपूर्वी विचारता येईल.