जर्सी ही अमानत आहे

फुटबॉलचा हंगाम संपला की खेळाडूच्या जर्सीचं काय होतं, हे आमच्या मंगळवार पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभर ती धाकट्या भावाच्या अंगावर दिसते. मग गाडी पुसायला जाते आणि शेवटी फरशी पुसायला. तोवर नवा पुरस्कर्ता आलेला असतो आणि नवी जर्सीही. जिच्यासाठी राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठेचा घसा बसला, तिची दोन वर्षांत चिंधी होते.

मी गेली काही वर्षं अशा सामन्यात घातलेल्या जर्सी मागून घेतो आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो. घरचे हसतात. ‘लोकांचा घाम कशाला साठवतोस?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण माझ्या मते हे काम एकट्यादुकट्या छंदिष्टाचं नाही, तालमींचं आहे.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तिथं गणपती बसतो, मोहरमला कित्येक तालमींत पंजेही बसतात, आणि फुटबॉलचा संघही तालमीचाच असतो. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही नावं इथे संघांची आहेत. पण या तालमींचं मूळ कुस्तीत आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान याच पेठेत आहे. पैलवान लंगोट लावून उतरतो, त्यामुळे मिरवायची ती गदा आणि फेटा, आणि भिंतीवर लावायचा तो फोटो. अंगावरचं कापड जपायची सवय आपल्याला लागलीच नाही. फुटबॉल आला, अंगावर जर्सी आली, सवय मात्र जुनीच राहिली.

बाहेरच्या जगात या कापडाची किंमत केव्हाच कळली आहे. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचं वेड आपल्या क्रिकेटसारखं आहे. २८ सप्टेंबर १९७२ रोजी मॉस्कोत सोव्हिएत संघाविरुद्धच्या आठव्या सामन्यात पॉल हेंडरसननं शेवटची ३४ सेकंदं उरलेली असताना विजयी गोल केला. त्या दिवशीची त्याची जर्सी २०१० साली दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला. त्या सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजनं त्याच्याशी अदलाबदल करून घेतलेली जर्सी २०२२ साली ७१ लाख पौंडांना गेली. विक्रीआधी मॅराडोनाच्या घरच्यांनी हरकत घेतली होती, की ही जर्सी पहिल्या अर्ध्या डावातली आहे, गोल केले तेव्हाची नव्हे. तेव्हा जुन्या छायाचित्रांशी कापडाच्या बारीकसारीक खुणा जुळवून खात्री करून घेण्यात आली.

मला त्या रकमेचं नव्हे, या जुळवणीचं अप्रूप वाटतं. कोरी जर्सी दुकानात मिळते. घातलेल्या जर्सीवर ओरखडा असतो, उसवलेली शिवण असते, न निघणारा मातीचा डाग असतो. हेच तिचे साक्षीदार. म्हणूनच बनावट करणारेही कापड मुद्दाम घासतात, डागाळतात. अमेरिकेत अशा बनावट जर्सी विकणाऱ्यांना न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला आहे.

कुरआनातली हजरत यूसुफ यांची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. त्या गोष्टीत सदरा तीनदा येतो. एकदा भाऊ त्याला खोटं रक्त लावून आणतात. एकदा तो मागून फाटलेला असल्यामुळे यूसुफ निर्दोष ठरतात. आणि शेवटी त्यांच्या अंगचा सदरा चेहऱ्यावर टाकल्यावर आंधळ्या झालेल्या बापाला दिसू लागतं. कापड खोटी साक्ष देऊ शकतं, खरीही देऊ शकतं. फरक पडतो तो फाटलंय कुठून हे बघणाऱ्यामुळे. म्हणून कपडा जपणं म्हणजे व्यक्तिपूजा, ही हरकत मला मान्य नाही. जर्सीचा मुका घ्या असं कोण म्हणतंय? तिची साक्ष नोंदवा, एवढंच म्हणणं आहे.

मग हे काम सरकारवर सोडावं का? बलबीरसिंग सीनियर यांचं उदाहरण समोर आहे. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या या हॉकीपटूनं १९८५ साली आपली ३६ पदकं, शंभरावर छायाचित्रं आणि मेलबर्न ऑलिंपिकचा कर्णधाराचा ब्लेझर क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केला. दिल्लीत संग्रहालय होणार होतं, ते झालंच नाही. २०१२ साली लंडनच्या प्रदर्शनासाठी या वस्तू हव्या होत्या, तेव्हा त्या सापडेनात. माहिती अधिकारात विचारलं, तर नोंदच नाही असं उत्तर आलं. २५ मे २०२० रोजी ते गेले. ब्लेझर मिळाला नाही. अमानतीत खयानत म्हणतात ती हीच. आणि ती चोरापेक्षा नोंद न ठेवणाऱ्याच्या हातून जास्त होते.

त्या ब्लेझरला आणखी एक पदर आहे. १९४८ साली लंडनमध्ये बलबीरसिंगांबरोबर भारताच्या सुवर्णविजेत्या संघात लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन होते. १९५६ साली मेलबर्नला हेच दोघे पाकिस्तानच्या संघात होते, आणि अंतिम सामन्यात भारतानं पाकिस्तानला १-० नं हरवलं. माणसं तीच, अंगावरचं कापड बदललं. फाळणी समजावून सांगायला त्या दोन जर्सी शेजारी शेजारी मांडल्या तरी पुरे.

आपल्या पेठेलाही अशा साक्षीची गरज आहे. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. इथे कोण कुणाचं, असा हिशेब मागितला जाऊ लागला की तोंडी आठवणी कमी पडतात. माझ्या ट्रंकेत एकाच हंगामातल्या दोन जर्सी आहेत. छातीवर एकाच तालमीचं नाव, पाठीवर फक्त नंबर. नोंदवहीत एका नंबरापुढे हिंदू नाव आहे, दुसऱ्यापुढे मुसलमान. नुसत्या जर्सी पाहून कोणती कुणाची हे सांगता येत नाही. नोंदवही नसेल तर ते दोघे एकत्र खेळले हेच उद्या कुणाला कळणार नाही. आणि जर्सी नसेल तर नोंदवहीवर विश्वास कोण ठेवणार?

यासाठी इमारत नको, अनुदान नको. प्रत्येक तालमीनं दर हंगामातली निदान एक घातलेली जर्सी ठेवावी. पहिला हक्क खेळाडूचा, म्हणून त्याला विचारून घ्यावी आणि घेतल्याची चिठ्ठी त्याला द्यावी. उद्या घरच्या अडचणीमुळे त्याला ती विकायची असेल, तर बिनबोभाट परत करावी. कुणी घातली, कोणता सामना, तारीख, निकाल हे त्याच दिवशी वहीत उतरवावं आणि अंगावर असतानाचा फोटो सोबत चिकटवावा. आपल्या पावसाळ्यात न धुतलेल्या कपड्याला बुरशी धरते, तेव्हा साध्या पाण्यातून काढावी. पण डाग घासू नये आणि फाटलेलं शिवू नये. नंबरची छपाई घडीत चिकटते, म्हणून मध्ये पांढरं सुती कापड घालावं.

एक ट्रंक, एक वही आणि जबाबदारी घेणारा एक माणूस, एवढाच हा खर्च आहे. गदा ठेवायला तालमीत जागा आहेच. तिच्याखाली एक ट्रंक सहज मावते.